तीन नद्यांचें गांव आणि हरणारा संघ

अमेरिकेंतील पेन्सिल्व्हेनिया संस्थानांत पिट्सबर्ग नांवाचें शहर आहे. अ‍ॅलेघेनी व मोनोंगाहेला या दोन नद्यांचा तेथें संगम होतो, आणि त्या संगमांतूनच ओहायो नदी निघते. एके काळीं पोलादाच्या भट्ट्यांच्या धुरानें हें शहर भरदिवसां काळवंडत असे. आतां त्या भट्ट्या बहुतेक विझल्या असून विद्यापीठें व रुग्णालयें यांवर शहराचा संसार चालतो. आपल्याकडील मंडळी येथें जातात ती बहुधा टेकडीवरील श्रीव्यंकटेशाच्या दर्शनासाठीं. आम्हीही त्याच निमित्तानें गेलों होतों. परंतु वाचकांस आज सांगावयाचें आहे तें देवालयाविषयीं नव्हे, तर नदीकाठच्या बेसबॉलच्या मैदानाविषयीं.

या गांवचा संघ 'पायरेट्स', म्हणजे समुद्रावरील चांचे. दुसऱ्याचा खेळाडू पळविल्याचा आरोप १८९१ च्या सुमारास या संघावर आला, आणि ती शिवी त्यानें नांव म्हणून मिरविली! १९०९, १९२५, १९६०, १९७१ व १९७९ असें पांच वेळां त्यानें जगज्जेतेपद मिळविलें. त्यानंतर मात्र दैव फिरलें. १९९३ पासून २०१२ पर्यंत ओळीनें वीस हंगाम या संघाचे जयांपेक्षां पराजयच अधिक झाले. २०१३ ते २०१५ हीं तीन वर्षें अंतिम फेऱ्यांचें दर्शन घडलें. पुढें २०२५ पर्यंत तेंही नाहीं.

येथें या खेळाचा हिशेब थोडा सांगितला पाहिजे. संघ एकंदर तीस. मार्चअखेरपासून सप्टेंबरअखेरपर्यंत प्रत्येकाचे १६२ सामने होतात. पैकीं ८१ घरच्या मैदानावर. त्यांतून बारा संघ ऑक्टोबरांतील अंतिम फेऱ्यांस पात्र ठरतात. म्हणजे अठरा गांवांना दरवर्षीं निराशा ठरलेलीच. २०२५ सालीं पायरेट्स आपल्या गटांत तळाशीं राहिले: ७१ जय, ९१ पराजय. पण तळाच्या संघानेंही एकाहत्तर वेळां जिंकावें, ही गोष्ट आम्हांस मोठी विचार करण्याजोगी वाटली. परीक्षेंत शेवटला आलेला मुलगा रोजच्या पाठांपैकीं चाळीस टक्क्यांहून अधिक पाठ बिनचूक म्हणतो, असाच त्याचा अर्थ नव्हे काय?

आम्ही मैदानावर गेलों तेव्हां २०२५ चा उन्हाळा सरत आला होता आणि अंतिम फेऱ्यांची आशा कोणासही उरली नव्हती. सामन्याच्या दिवशीं नदीवरील एक पिवळा पूल गाड्यांस बंद करितात, आणि मंडळी पायींच मैदानाकडे जातात. पुलास नांव आहे रॉबेर्तो क्लेमेंते याचें. पोर्तो रिकोंतून आलेला हा खेळाडू अठरा हंगाम या एकाच संघांत खेळला. निकाराग्वांत भूकंप झाला तेव्हां पीडितांसाठीं मदत घेऊन तो विमानानें निघाला, आणि ३१ डिसेंबर १९७२ रोजीं तें विमान समुद्रांत कोसळून मरण पावला. त्याच्या पाठीवरचा अंक एकवीस. म्हणून मैदानाच्या उजवीकडील भिंत एकवीस फूट उंच बांधली आहे. पुलावरून जाणाऱ्या लेंकुरवाळ्या बायका मुलांना ही कथा सांगत होत्या.

आमच्या शेजारीं एक वृद्ध गृहस्थ नातवास घेऊन बसले होते. प्रत्येक चेंडूची नोंद ते पेन्सिलीनें कागदावर करीत. आम्हीं विचारलें, "संघ तळाशीं आहे, मग आपण येतां कशासाठीं?" ते म्हणाले, "आज स्कीन्स टाकणार आहे ना!"

पॉल स्कीन्स हा तेवीस वर्षांचा गोलंदाज. त्या हंगामांत दर नऊ डावांस सरासरी दोन धावाही त्यानें दिल्या नाहींत. तरीपण त्याच्या नांवावर दहा जय व दहा पराजय लागले. कारण सोबत्यांना धावा करितां येईनात. पुढें हंगाम संपल्यावर उत्तम गोलंदाजाचें साय यंग पारितोषिक त्यालाच एकमतानें मिळालें.

पांचव्या डावानंतर आणखी एक मौज झाली. पूर्व यूरोपांतून आलेल्या मजुरांनीं 'पिरोगी' नांवाचा पदार्थ या गांवीं आणला. आंत बटाट्याचें सारण भरून उकडलेली करंजीच म्हणाना! त्या करंज्यांचीं सोंगें घेतलेलीं माणसें मैदानाच्या कडेनें शर्यत धांवलीं. आजोबा नि नातू उभे राहून ओरडत होते. धावफलकाकडे त्या वेळीं कोणाचेंच लक्ष नव्हतें.

कोणी म्हणेल, हा तर गीतेंतील फलत्याग! आम्हांस तसें वाटत नाहीं. हीं माणसें हळहळतात, चडफडतात. मालक हात आखडता घेतो म्हणून २०२५ सालीं "संघ विकून टाका" अशा घोषणाही त्यांनीं दिल्या. त्यांनीं फळाची इच्छा सोडलेली नाहीं. तें लहान करून घेतलें आहे. ऑक्टोबर नसेल तर आजची संध्याकाळ, आजचा सामना नसेल तर स्कीन्सचा एक डाव. अशा समाधानानें मालकांचें आयतेंच फावतें, हा आक्षेप खरा आहे. पण प्रेम करणाऱ्यासच रागावण्याचा अधिकार असतो. मैदान ओस पडलें तर घोषणा देणार कोण?

जुन्या फोर्ब्ज मैदानाच्या भिंतीचा तुकडा विद्यापीठाजवळ अजून उभा आहे. १३ ऑक्टोबर १९६० रोजीं बिल मॅझेरोस्की यानें तेथें अखेरचा फटका मारून न्यूयॉर्कच्या यांकीज संघावर १०-९ असा विजय मिळविला. त्या मालिकेंत यांकीजच्या धावा ५५ व पायरेट्सच्या २७ झाल्या होत्या. तरी सातांपैकीं चार सामने यांनींच जिंकले! दरवर्षीं त्या तारखेस भाविक मंडळी भिंतीपाशीं जमून जुनें ध्वनिमुद्रित वर्णन ऐकतात. दरम्यान संघ कितीही हरला असला तरी हा नेम चुकत नाहीं.

आपल्या घरांतून मुलांचें कौतुक होतें तें बहुधा पहिल्या क्रमांकाचें. चाळीसांच्या वर्गांत पहिला एकच येतो, हें शिक्षकास रोज दिसतें. म्हणून उरलेल्या एकोणचाळिसांचें वर्ष वायां गेलें असें समजावयाचें काय? निकालपत्रक हातीं घेतांना, त्या वर्षांत मुलानें कोणता पाठ मनापासून म्हटला, हेंही एकदां विचारून पाहावें. आणि पिट्सबर्गास जाणें झाल्यास व्यंकटेशाचें दर्शन घेऊन एक सायंकाळ नदीकाठच्या मैदानासाठीं अवश्य राखून ठेवावी. संघ कोणत्या स्थानावर आहे, याची चौकशी आधीं करण्याचें कारण नाहीं.