बार्शी लाईटच्या वाटेवर

अहमदपूरला रेल्वे नाही. इथल्या माणसाची आगगाडी पूर्वापार लातूरहून सुटते. पंच्याऐंशीच्या घरात पोहोचलेल्या अण्णांना हल्ली सकाळी काय खाल्ले ते स्मरत नाही. पण आषाढीला आईच्या मांडीवर बसून केलेला छोट्या गाडीचा प्रवास ते तपशिलाने सांगतात. म्हणून एका सकाळी त्यांना घेऊन एसटीने लातूर गाठले.

ती गाडी म्हणजे बार्शी लाईट रेल्वे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने अवघ्या अडीच फूट रुंदीचा, आजच्या रुंद मार्गाच्या निम्म्याहूनही अरुंद असा हा लोहमार्ग आखला. 1897 मध्ये बार्शीपर्यंत पहिली गाडी धावली. 1906 मध्ये पंढरपूर, 1911 मध्ये लातूर आणि 1927 मध्ये मिरज जोडले गेले. प्रत्येक आसावर पाच टनांहून अधिक भार पडू नये, या हिशेबाने इंजिने व डबे बांधल्यामुळे हलक्या रुळांवरूनही भरपूर माल जाई. मराठवाड्याचा शेतमाल आणि विठ्ठलाचे वारकरी या एकाच वाटेने गेले. 1954 मध्ये ती सरकारजमा झाली. पुढे वाफेची इंजिने गेली आणि या शतकाच्या पहिल्या दशकात लातूरचा मार्ग रुंद होऊन धाराशिवलाही रेल्वे मिळाली.

ही सोय हवीच होती. मात्र दार्जिलिंगच्या छोट्या रेल्वेला 1999 मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला. माथेरानची गाडी आजही पर्यटकांना ओढते. येडशीजवळच्या रामलिंगाच्या हिरव्या घाटात वाफेच्या गाडीची एखादी फेरी राखली असती, तर नातवंडांना आजोबांचा काळ डोळ्यांनी पाहता आला असता.

अशा सहलीला ज्येष्ठांना नेताना उन्हाआधी निघावे, औषधे व पाणी हाताशी ठेवावे, दर तासाने विसावा द्यावा. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास विनामूल्य आहे. ओळखपत्र तेवढे सोबत असावे. मुख्य म्हणजे ‘आठवते का?’ अशी परीक्षा घेऊ नये. ‘धुराचा वास कसा असे? शिदोरीत काय असे?’ असे विचारावे. स्मृतिभ्रंश त्याने बरा होत नाही. पण माणूस बोलता होतो, त्याचा दिवस बरा जातो.

फलाटावरच्या बाकावर बसून अण्णांनी दोन्ही हात पसरले, मग थोडे जवळ आणले. “एवढीच होती,” ते म्हणाले, “पण पंढरपूरला न्यायची.” परतताना एसटीत कोळशाचा कण डोळ्यांत गेल्याची गोष्ट त्यांनी तीनदा सांगितली. आम्ही ती तिन्ही वेळा ऐकली.