बॅटरी उतरली होती, खराब नव्हती

डिसेंबरातली पहाट. सासूबाईंना डोळे तपासायला नागपूरला न्यायचं होतं. तुमसरहून मोहाडी, भंडारा करत जायचं, म्हणून साडेपाचलाच निघायचं ठरलं होतं. सासूबाई शाल गुंडाळून, फाइल मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसल्या. मी किल्ली फिरवली तर नुसतं टक-टक-टक-टक. डॅशबोर्डचे दिवे मिणमिणले आणि विझले. पुन्हा फिरवली, तेच. मला रडू यायचंच बाकी होतं.

माझा मुलगा भंडाऱ्याच्या आयटीआयत इलेक्ट्रिशियनचा ट्रेड करतो. तो म्हणाला, "आई, सारखी सेल मारू नको. असं भराभर टकटक वाजलं म्हणजे बॅटरी उतरली. एकच 'टक' वाजून गप्प झाली असती तर स्टार्टर पाहावा लागला असता." त्याने मला हेडलाइट लावायला सांगितला. उजेड पिवळा पडला होता आणि किल्ली फिरवताच तो जवळजवळ गेला.

आवाज ऐकून शेजारचे भाऊ बाहेर आले. "काहून जी वहिनी, गाडी नाही घेऊन राहिली का? थांबा, ट्रकवरून करंट देतो." त्यांचा धानाचा ट्रक दारातच उभा होता. मुलाने त्यांना हात जोडून थांबवलं. मोठ्या ट्रकला बहुतेक 24 व्होल्टची जोडणी असते आणि आपल्या कारची बॅटरी 12 व्होल्टची. ट्रकवरून करंट घेतला असता तर गाडीतले इलेक्ट्रॉनिक भाग जळू शकले असते. मग भाऊंनी स्वतःची कार आणली.

केबल कशी लावायची ते सांगते, कारण यात घाई झाली की धोका असतो. आधी लाल चिमटा आपल्या बॅटरीच्या प्लसला. लालचं दुसरं टोक त्यांच्या प्लसला. मग काळा त्यांच्या मायनसला. आणि शेवटचा काळा चिमटा आपल्या बॅटरीला लावायचा नाही. तो इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर लावायचा. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटची जोडणी करताना ठिणगी उडते. काढताना उलट्या क्रमाने. हातातल्या सोन्याच्या बांगड्या मी आधीच उतरवून ठेवल्या होत्या. धातूची बांगडी प्लस आणि लोखंडाच्या मध्ये सापडली तर हात भाजतो.

त्यांची गाडी काही मिनिटं चालू ठेवली आणि आमची सुरू झाली. निघण्याआधी मुलाने चालू गाडीत बॅटरीवर मल्टीमीटर लावला. 14.2 व्होल्ट. म्हणजे अल्टरनेटर चार्जिंग करत होता. नागपूरला गेलो, आलो, वाटेत काही झालं नाही. मी निश्चिंत झाले. मग गाडी दोन दिवस उभी राहिली आणि परत तेच टकटक.

बॅटरीच्या दुकानात "गेली ही, नवीन घ्या" असं उत्तर मिळालं. चार-पाच हजारांचा प्रश्न होता, आणि बॅटरी घेऊन दोन वर्षंही झाली नव्हती. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बॅटरीचं आयुष्य खरंच कमी होतं. मे महिन्याच्या उकाड्यात ती आतून खराब होते आणि थंडीत ते उघडं पडतं. त्यामुळे मलाही ते पटत आलं होतं. पण मुलगा म्हणाला, मोजल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

आधी टर्मिनल पाहिले. प्लसवर पांढरट हिरवा थर जमला होता. दहा नंबरच्या पान्याने मायनस आधी सोडला, मग प्लस. खायचा सोडा पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने घासलं. ते फसफसून निघालं. पुसून, कोरडं करून वर व्हॅसलीन लावलं. बॅटरी 11.8 व्होल्ट दाखवत होती, म्हणजे जवळपास रिकामी. ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून चार्जर आणून ती व्हरांड्यात, हवेशीर जागी रात्रभर कमी करंटवर लावली. सकाळी चार्जर काढून काही तास तशीच ठेवली आणि मोजली: 12.6. पूर्ण भरलेली. गाडीत बसवून सेल मारला तेव्हा आकडा 10.4 पर्यंत उतरून परत वर आला. साडेनऊच्या खाली गेला असता तर बॅटरी बाद समजायची.

मग करंट कोण खात होतं? गाडी बंद केली, दारं लावली. मायनसची केबल सोडून ती आणि बॅटरीचा मायनस यांच्या मध्ये मल्टीमीटर जोडला, लाल वायर 10 अँपिअरच्या भोकात. असा मीटर जोडलेला असताना सेल मारायचा नाही, मीटरचा फ्यूज उडतो. गाडीतली यंत्रणा झोपायला वेळ लागतो, म्हणून अर्धा तास थांबलो. तरी आकडा 0.42 अँपिअर. तो 0.05 च्या आत हवा. 35 अँपिअर-अवरच्या बॅटरीतून रोज दहा जात असतील तर दोन-तीन दिवसांत ती गाडी सुरू न होण्याइतकी उतरणारच.

मी मीटरवर डोळे लावून बसले आणि मुलगा एकेक फ्यूज काढत गेला. म्युझिक सिस्टिमचा फ्यूज निघाला आणि आकडा एकदम 0.03 वर आला. मी ओरडलेच. दिवाळीत नवीन स्क्रीन बसवून घेतली होती. तिची लाल वायर किल्लीबरोबर बंद होणाऱ्या लाइनवर हवी होती. बसवणाऱ्याने ती पिवळीसोबत कायम चालू असणाऱ्या लाइनवर जोडली होती. पडदा काळा दिसायचा, पण आत सेट जागाच. शाळेला रोज गाडी नेत होते तोवर गेलेलं चार्जिंग भरून निघत होतं. त्या आठवड्यात सहकारी बाईंसोबत जात होते, म्हणून गाडी उभी राहिली आणि दुखणं बाहेर आलं.

इलेक्ट्रिशियनने लाल वायर योग्य लाइनवर घेतली. फार वेळ लागला नाही. नंतर नाताळाच्या सुट्टीत गाडी आठवडाभर हलली नाही, तरी पहिल्याच सेलला सुरू झाली. बॅटरी तीच आहे.

डिकीत आता आमची स्वतःची जंपर केबल असते. बाजारात स्वस्त मिळते ती आतून पातळ असते, सेल मारताना तापते आणि पुरेसा करंटही देत नाही. जाड तांब्याची बघून घ्या.