तळातला माल

हळदीचा सौदा पोत्याच्या तोंडाशी दिसणाऱ्या मालावर करू नये, हा धडा मला सांगलीच्या मार्केट यार्डात, वडिलांच्या पेढीवर, वयाच्या बाराव्या वर्षी मिळाला. तो मी विसरलो वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी. कॅलिफोर्नियात, एका परक्या माणसाच्या गॅरेजमध्ये, एका पिवळ्या मोटारीसमोर उभा असताना.

ती मोटार १९७२ सालची डॅटसन २४०-झेड होती. आपल्यापैकी अनेकांच्या घरी आलेली पहिली जपानी धाटणीची गाडी म्हणजे मारुती ८००. ती १९८३ च्या डिसेंबरात बाजारात आली आणि काही वर्षांनी आमच्या पेढीच्या दारातही उभी राहिली. परंतु त्याआधीच, रद्दीच्या दुकानातून आणलेल्या एका इंग्रजी मासिकात, मी पूर्व आफ्रिकेच्या सफारी रॅलीत चिखलाने माखलेल्या या झेडचे छायाचित्र पाहिले होते. १९७१ आणि १९७३ अशी दोनदा ती खडतर शर्यत या गाडीने जिंकली. लांबलचक बॉनेट, मागे उतरत जाणारे छप्पर आणि फक्त दोन आसने. आमच्या एकत्र कुटुंबात तेव्हा चौदा माणसे होती. दोनच माणसांसाठी कोणी मोटार बनवते, याचेच मला त्या वयात मोठे नवल वाटले होते.

२०१४ च्या दिवाळीनंतर तीच गाडी लॉस एंजलिसजवळच्या एका गावी विक्रीस असल्याचे कळले. विकणाऱ्याने ती नुकतीच रंगवून घेतली होती. रंग थेट आमच्या राजापुरी हळदीचा. चोक ओढताच इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झाले, आणि सहा सिलिंडरांचा तो खर्जातला आवाज ऐकून मी पुढे काही पाहिलेच नाही. चौदा हजार डॉलर मोजले. घरी मात्र आठ हजार सांगितले. वरचे सहा हजार मुलीच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलेल्या खात्यातून काढले होते. दोन वर्षांत परत भरू, असे मनाशी म्हटले. मनाशी असे म्हणणारे व्यापारी मी पेढीवर पुष्कळ पाहिले होते. त्यांतले किती जण परत आले, हेही पाहिले होते.

जानेवारीत आप्पा, म्हणजे माझे वडील, सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले. वय अठ्ठ्याहत्तर. थंडीत कान बांधून ते गॅरेजमध्ये आले, गाडीभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या आणि काही न बोलता घरात गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात फ्रिजवरचे आंब्याच्या आकाराचे लोहचुंबक होते.

“पत्राच आहे ना हा?” त्यांनी विचारले.

“हो.”

दरवाजावर चुंबक चिकटले. छपरावर चिकटले. पुढच्या मडगार्डच्या खालच्या कोपऱ्याशी लावले, तेव्हा ते टपकन जमिनीवर पडले. मागच्या चाकापुढच्या भागात पुन्हा पडले. आप्पांनी ते दोन्ही वेळा उचलले आणि माझ्या हातात दिले.

“पोत्याच्या तळातला माल बघितला नाहीस,” एवढेच ते म्हणाले.

त्या रविवारी मी रंग खरवडला. खाली बोटभर जाडीची पुट्टी निघाली आणि पुट्टीखाली पत्र्याऐवजी कागदाचा लगदा. चालकाच्या बाजूचा गालिचा उचलून डांबरी थर सोलला आणि पेचकस टेकवला, तर तो आरपार जाऊन फरशीला लागला. बॅटरीखालचा कप्पा आम्लाने खाल्ला होता. या गाड्यांचे हे जुने दुखणे आहे. पुढच्या काचेखाली जी जाळी असते, तिच्या आत झाडांची पाने साठतात, पाणी निघून जाण्याची वाट बंद होते आणि ते पाणी वर्षानुवर्षे आतल्या पत्र्यात मुरत राहते. वरून काही दिसत नाही. ज्याला गाडी फक्त विकायची आहे, त्याला वरून दिसणारेच पुरते.

संध्याकाळी आप्पांनी एक कोरी वही काढली. पहिल्या पानावर रेघ मारून दोन बाजू पाडल्या. पेढीवर ज्या हाताने त्यांनी पन्नास वर्षे रोजमेळ लिहिला, त्याच हाताने तारीख घातली आणि विचारले, “खरेदी किती?”

पत्नी चहा घेऊन दारातच उभी होती. मी आठ म्हणू शकलो असतो. पुट्टीवर आणखी एक हात फिरवायचा, इतकेच. पण समोर ती वही होती, आणि त्या वहीत खोटा आकडा पडलेला मी जन्मात पाहिला नव्हता.

“चौदा,” मी म्हणालो.

तिने कप खाली ठेवला. “अहो, आठ म्हणाला होतात ना?” मग सगळे सांगावे लागले. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरे झाले असते. बराच वेळ गप्प बसून ती म्हणाली, “गाडी ठेवा किंवा विका. पण मुलीचे पैसे तिच्या खात्यात दर महिन्याला परत जातील, आणि त्याची नोंद याच वहीत होईल.” आप्पांनी मान हलवली आणि खाली लिहिले : मुलीचे देणे, ६०००.

गाडी विकायची तर तो गंज पुढच्याला दाखवूनच विकावा लागणार, आणि तसे केल्यास हाती फारसे काही येणार नाही. म्हणून दुरुस्त करायचे ठरले. शेजारच्या गावातील एक वयस्कर मेक्सिकन वेल्डर शनिवारी येऊ लागला. आप्पांना स्पॅनिश येत नव्हते, त्याला मराठी येत नव्हते. दोघांचे उत्तम जमले. गंज घासून काढता येतो हा माझा समज त्याने पहिल्याच दिवशी मोडला. गंजाच्या कडेने नव्हे, तर त्याच्या पलीकडचा निरोगी, चकचकीत पत्रा लागेपर्यंत कापावे लागते. त्यामुळे भोक आधी होते त्याच्या दुप्पट होते. नवा पत्रा जोडतानाही सलग शिवण घालून चालत नाही, नाहीतर उष्णतेने पत्रा वाकतो. एक टाका इथे, दुसरा वीतभर दूर, मध्ये निवू द्यायचे. जोड पूर्ण झाला की पोकळ भागांत मेण फवारायचे, म्हणजे ओल पुन्हा आत शिरत नाही. हरिपूरच्या पेवांत हळद वर्षानुवर्षे टिकत असे ती जमीन आणि झाकण दोन्ही कोरडे राखल्यामुळेच, असे आप्पा त्याला हातवारे करून सांगत. त्याला किती कळले, देव जाणे.

फेब्रुवारीत बातमी आली की युताका कातायामा वारले. वय १०५. आप्पांना मी त्यांची हकीकत सांगितली. निस्सानने ही गाडी १९६९ मध्ये जपानात आणली ती ‘फेअरलेडी झेड’ या नावाने. कंपनीच्या अध्यक्षांनी ‘माय फेअर लेडी’ हे नाटक पाहून आपल्या स्पोर्ट्स गाड्यांना हे नाव दिले होते. १९६० पासून अमेरिकेत राहून तिथला बाजार ओळखून असलेल्या कातायामांना ते नाव तिथे चालणार नाही हे ठाऊक होते. त्यांनी ती नावपट्टी बाजूला सारून इंजिनाच्या आकारावरून साधे ‘२४०-झेड’ असे नाव लावले. २,३९३ सीसीचे इंजिन, सुमारे दीडशे अश्वशक्ती, चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन, आणि किंमत ३,५२६ डॉलर. असा माल युरोपच्या गाड्यांत कितीतरी अधिक पैसे मोजल्याशिवाय मिळत नसे. जपानी गाडी म्हणजे स्वस्त आणि किरकोळ, हा अमेरिकेतला समज बदलण्यात या एका गाडीचा वाटा मोठा आहे.

“गिऱ्हाईक बघून नाव बदललं, पण माल हलका नाही केला,” आप्पा म्हणाले. “व्यापारी माणूस.” त्यांच्या तोंडून याहून मोठी पदवी मी ऐकलेली नाही.

एप्रिलमध्ये इंजिनाची पाळी आली. सहाही सिलिंडरांचा दाब मोजला. पाचांत तो १६० ते १७० पौंडांच्या दरम्यान होता, पाचव्या क्रमांकाच्या सिलिंडरात मात्र नव्वद. त्यात चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजले. आकडा हलला नाही. म्हणजे पिस्टनच्या रिंगा ठीक होत्या, दोष व्हॉल्व्हचा. हेड उतरवावे लागणार होते, आणि इथे या इंजिनाची एक खोच आहे. कॅमशाफ्टचे चक्र काढताना साखळी सैल पडली, तर खाली तिला ताणून धरणारा टेन्शनर निसटतो आणि मग इंजिनाचा पुढचा सारा भाग उघडावा लागतो. तसे होऊ नये म्हणून साखळीच्या दोन पदरांमध्ये आधी लाकडी पाचर ठोकतात. आप्पांनी जुन्या फळीच्या तुकड्यातून ती पाचर दोन दिवस तासली, काचकागदाने घासली आणि वरच्या टोकाला भोक पाडून दोरी ओवली, म्हणजे काम झाल्यावर ओढून काढता यावी. साखळी तसूभरही हलली नाही.

जळका व्हॉल्व्ह बदलून हेड परत बसवले, तरी इंजिन निष्क्रिय चालीवर अडखळत होते. दोन कार्ब्युरेटर सारखी हवा ओढत नव्हते. रबरी नळीचे एक टोक कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरून दुसरे कानाला लावायचे आणि दोन्हीकडचा फुस्कार सारखा होईपर्यंत स्क्रू फिरवायचा, ही जुनी रीत. माझ्या कानाला फरक कळेना. पत्नी लहानपणी पेटी शिकलेली. एके दिवशी ती गॅरेजमध्ये आली, नळी माझ्या हातून घेतली आणि म्हणाली, “मागचा वरच्या सुरात आहे. उतरवा.” पाव पाव फेरा करत तिने दोन्ही एका सुरात आणले. जानेवारीनंतर ती त्या गाडीला प्रथमच हात लावत होती. मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हतेही.

आप्पांच्या परतीच्या आठवडाभर आधी गाडी रस्त्यावर आली. रंगाला पैसे नव्हते. हळदीच्या पिवळ्यावर जागोजागी करड्या प्रायमरचे ठिगळ होते. कुठे काय जोडले ते लांबूनही दिसत होते. आप्पा शेजारी बसले. आसने मुळातच व्हायनलची, त्यामुळे चामड्याचा प्रश्न आमच्या घरी उद्भवलाच नाही. सॅन गॅब्रिएल डोंगरातून जाणाऱ्या एंजलिस क्रेस्ट रस्त्याने आम्ही वर चढलो. या गाडीत शक्तीपेक्षा हलकेपणाचे सुख अधिक आहे. वजन हजार किलोच्या थोडे वर, त्यामुळे वळण घेताना रस्ता स्टिअरिंगमधून सरळ तळहाताला कळतो. गियर बदलताना हाताला एक स्वच्छ खटका लागतो. चढावर तिसऱ्या गियरमध्ये इंजिनाचा सूर भरत जातो, आणि काच खाली केली की डोंगरातल्या पाइनचा वास येतो. त्यात धुराचाही वास मिसळतो, कारण मागच्या दाराची आणि दिव्यांची रबरे जुनी झाली की सायलेन्सरचा धूर आत ओढला जातो. आप्पांनी नाकाला रुमाल लावला, पण परत फिर असे म्हणाले नाहीत. वर पोचल्यावर खाली पसरलेले शहर बघत ते बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, “दोन माणसांचीच आहे, पण बरी आहे की.”

मुलीचे देणे २०१९ साली फिटले. त्याच वर्षी गाडीला रंग दिला; छटा तीच. २०२२ मध्ये मुलीचा कॉलेजात प्रवेश झाला आणि फी पाहून मी गाडी विकायला काढली. एक गृहस्थ आले. जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री हाच त्यांचा धंदा. मी आधी वही पुढे केली. आता तिच्यात आप्पांच्या नोंदींबरोबर कापलेल्या पत्र्याची, भोकांची, प्रत्येक जोडाची छायाचित्रेही आहेत. त्यांनी ती शांतपणे चाळली, चांगला भाव सांगितला आणि पुढे म्हणाले, ही वही सोबत देऊ नका, तुमच्यापाशीही ठेवू नका. तर आणखी पाच हजार देईन. त्यांचे गणित चुकीचे नव्हते. ती वही नसेल तर पुढच्या गिऱ्हाइकाला गाडी कधी गंजलीच नव्हती असे सांगता येते.

सौदा झाला नाही. ही गोष्ट मी मोठेपणाने सांगत नाही, कारण त्या नकाराची किंमत एकट्या मी दिली नाही. मुलीच्या नावावर थोडे शैक्षणिक कर्ज काढावे लागले. त्याआधी तिला सगळे सांगितले, २०१४ च्या सहा हजारांपासून. ती वही घेऊन खोलीत गेली आणि रात्री परत आणून देताना म्हणाली, “कर्जाची नोंदही यातच करा.” मी ती केली आहे. सुटीत घरी आली की ती क्लच शिकते. अजून चढावर गाडी बंद पाडते.

आप्पा आता प्रवास करत नाहीत. दर रविवारी फोनवर सांगलीचा हळदीचा भाव सांगतात, इकडचे हवामान विचारतात. पावसाची चिन्हे आहेत म्हटले की त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : “काचेखालची पानं काढलीस का?” बहुतेक वेळा काढलेली असतात. नसली तर तसे सांगतो, फोन ठेवतो आणि गॅरेजमध्ये जातो.