बाबांचं लॉगबुक आणि माझा वर्ग

मी मूळची दांडिया बाजारातली, आता समा भागात राहते. इथे बहुतेक जण वाड्यांच्या, गणपतीच्या आठवणी लिहितात. माझी आठवण तेवढी जुनी नाही, 2024 च्या पुरानंतरची आहे. पण आहे बडोद्याचीच.

पणजोबा गायकवाड सरकारच्या नोकरीत आले, आजोबा शाळामास्तर. बाबा मात्र शहराबाहेरच्या रिफायनरीत लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. आम्हा दोघी बहिणींची शिक्षणं, लग्नं, समाचं घर, सगळं त्याच पगारावर. बाबा रात्रपाळीला गेले की आम्ही गच्चीवरून लांबवर दिसणारी ज्वाला बघायचो. आई म्हणायची, "तो बघा बाबांचा दिवा."

मी कॉमर्सची प्राध्यापक. एम.कॉम.च्या मुलांना व्यवसाय आणि हवामान बदल हा विषय शिकवते. खरं सांगायचं तर पहिली काही वर्षं मी तो अगदी पुस्तकी शिकवला. कंपनीने स्वतः जाळलेलं इंधन म्हणजे स्कोप 1, विकत घेतलेली वीज स्कोप 2, आणि कच्च्या मालापासून गिऱ्हाइकाने वस्तू वापरेपर्यंतचं बाकी सगळं स्कोप 3. सेबीने 2022-23 पासून सर्वांत मोठ्या 1000 लिस्टेड कंपन्यांना पर्यावरणाचा आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला. मुलं लिहून घ्यायची, परीक्षेत उतरवायची, विसरून जायची.

मग तो ऑगस्ट आला. विश्वामित्रीची धोक्याची पातळी 25 फूट, पाणी 35 च्याही वर गेलं. 2019 मध्ये एका दिवसात 20 इंचांच्या आसपास पाऊस झाला होता, तेव्हा पाणी आमच्या पायरीला लागून परतलं होतं. या वेळी तळमजल्यात कमरेएवढं. बाबांना खुर्चीसकट वर नेलं. दोन दिवस वीज नाही, खाली गढूळ पाणी, त्यात सोसायटीत मगर शिरल्याची बोंब. पाणी उतरलं तेव्हा फ्रिज, गाद्या, आईचं शिसवी कपाट, सगळं गेलं होतं.

वर्ग पुन्हा सुरू झाले तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवलं. मुलांना म्हटलं, ओळखीच्या एका धंद्याचा हिशेब आणा. दोन पानं. एका पानावर वर्षभराची वीज, गॅस, डिझेल. डिझेलच्या लिटरमागे सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरा, विजेच्या युनिटमागे साधारण 0.7 किलो. दुसऱ्या पानावर पुराचं नुकसान.

एकाच्या घरचं फरसाणाचं दुकान. भिजलेलं बेसन, वाहून गेलेले डबे, विमा नाही. दुसऱ्याच्या काकाचा मकरपुरा जीआयडीसीत नट-बोल्टचा कारखाना. जर्मनीच्या गिऱ्हाइकाने विचारलं होतं, एक टन मालामागे कार्बन किती? युरोपने पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट अशा आयातीवर हा हिशेब 1 ऑक्टोबर 2023 पासून मागायला सुरुवात केली, आणि 2026 पासून त्याचे पैसेही मोजावे लागणार होते. काकाकडे वीजबिलांची धड फाइलसुद्धा नव्हती. पुतण्याने ती लावून दिली. माझ्या शिकवण्याचा तो पहिला खरा उपयोग.

कुणीतरी म्हणालं, पूर म्हणजे हवामान बदलच. मी थांबवलं. हवा एक अंशाने तापली की सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरते, म्हणून पाऊस पडला की कोसळतो, हे खरं. पण नदीची कोतरं बुजवून सोसायट्या कुणी बांधल्या? सगळं एकाच खात्यावर टाकायचं नाही, हे कॉमर्सवाल्यांना वेगळं सांगायला नको.

तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "मॅम, मारा पप्पानी नोकरीनुं शुं?" तिचे वडील एका तेल कंपनीत कंत्राटावर बॉयलर सांभाळतात. तेल जाळायचं नाही तर आम्ही खायचं काय, असा तिचा सरळ प्रश्न. माझ्याकडे पुस्तकातलं उत्तर होतं, तोंडातून निघेना. माझी पदवीसुद्धा त्याच तेलातून आलेली ना!

घरी येऊन बाबांना सांगितलं. बाबा ब्याऐंशी वर्षांचे. बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आम्ही दर तासाला लॉगबुक लिहायचो. वाफेचं प्रेशर, तापमान, किती इंधन गेलं. आकडा चुकला तर साहेब घरी सोडायचे नाहीत. चिमणीतून काय जातं त्याला रकानाच नव्हता. कुणी विचारलं नाही, आम्हीही विचारलं नाही."

मी म्हटलं, "बाबा, मी तुम्हाला दोष देत नाहीये."

"अगं, दोषाचं नाही म्हणत मी. त्या पोरीला सांग, बापाची लाज धरू नकोस. पण रकाना घाल म्हणावं. आणि बापाच्या नोकरीचाही घाल. तो काय आकडा नाही?"

तेव्हापासून माझ्या वर्गात हिशेबाची पानं तीन. तिसऱ्यावर लिहायचं, या धंद्यावर किती घरांच्या चुली पेटतात आणि धंदा बदलला तर ती माणसं काय करू शकतील. त्या मुलीने लिहिलं, वडिलांकडे बॉयलरचं सर्टिफिकेट आहे, वाफ तर डेअरीत लागते, औषध कंपनीत लागते. शेवटी एक ओळ होती, "पण पगार तेवढाच मिळेल का, माहीत नाही." ती ओळ मी खोडली नाही. तिच्यावर पूर्ण तास चर्चा झाली.

आता नवी बॅच आली की बाबा विचारतात, "रकाने किती?" तीन म्हटलं की मान हलवतात. त्यांचा पलंग अजून वरच्याच खोलीत आहे. खाली यायला ते तयार नाहीत.

तुमच्या घरातल्या कुणी अशा कारखान्यात आयुष्य काढलं असेल, तर जरूर लिहा. मुलांना वाचून दाखवीन.