जयपूर: आधी बाजार, मग शहर

जयपूरच्या सांगानेरी दरवाजातून आत शिरले की जोहरी बाजाराचा रस्ता बडी चौपडीपर्यंत नाकासमोर जातो. दोन्ही बाजूंना सारख्या कमानींचे गाळे, पुढे वरांडा, वर सज्जे आणि गच्च्या. मधूनच एखादा जिना दुकानांच्या माथ्यावरच्या देवळात चढतो. रस्त्याला लागलेला तळमजला धंद्यासाठी राखून देवालाही वरची जागा देणारी ही रचना आपोआप घडलेली नाही.

आंबेरची राजधानी डोंगरांच्या कुशीत अडकली होती. दुसऱ्या सवाई जयसिंहांनी १८ नोव्हेंबर १७२७ रोजी दक्षिणेकडच्या मैदानात नव्या नगराचा पाया घातला. आखणीचे काम प्रामुख्याने विद्याधर भट्टाचार्य या बंगाली अधिकाऱ्याकडे होते. चांदपोल ते सूरजपोल हा पूर्व-पश्चिम राजरस्ता त्यांनी जमिनीच्या नैसर्गिक उंचवट्यावरून नेला, म्हणून पावसाचे पाणी दोन्हीकडे उतरून जाते. या रस्त्याची रुंदी सुमारे १११ फूट; उपरस्ते आणि गल्ल्या त्या मानाने निम्म्या-निम्म्याने अरुंद. आडवे मोठे रस्ते त्याला छेदतात तिथे रामगंज, बडी आणि छोटी अशा तीन चौपडी झाल्या. कालव्याने आणलेले पाणी चौपडींवरच्या कुंडांत खेळवले होते. वायव्येला नाहरगडचा डोंगर आडवा आल्याने आखणीच्या चौकटीतला एक चौकोन आग्नेयेला सरकवावा लागला. पण बाजाराची सरळ रेषा मोडू दिली नाही, आणि जयसिंहांचे खरे शहाणपण इथेच दिसते. बाहेरच्या व्यापाऱ्यांना आणि कारागिरांना सवलती देऊन बोलावले, त्यांना राहायला जागा दिल्या. पण रस्त्यावरचे दर्शनी रूप मात्र दरबारच्या आराखड्याप्रमाणेच ठेवायचे होते. टिफेनथालर या जेझुइट प्रवाशाने अठराव्या शतकातच मुख्य रस्त्यावरून सहा-सात गाड्या शेजारी शेजारी जाऊ शकतात, असे नोंदवले.

या नव्या बाजाराशी मराठ्यांची एक दुखरी आठवण जोडलेली आहे. त्रिपोलिया बाजारालगतचा ईसरलाट हा मनोरा जयसिंहांचे पुत्र ईश्वरीसिंह यांनी १७४९ मध्ये उभारला. पुढच्याच वर्षी खंडणीसाठी मल्हारराव होळकरांची मराठी फौज चालून आली आणि ईश्वरीसिंहांनी आत्महत्या केली. जानेवारी १७५१ मध्ये शहर पाहायला आणि खरेदीला आत गेलेल्या मराठ्यांवर लोक तुटून पडले. दरवाजे बंद झाले आणि मोठी कत्तल झाली. खंडणीच्या राजकारणाची किंमत बाजारात हिंडणाऱ्या शिपायांनी मोजली.

१७९९ मध्ये सवाई प्रतापसिंहांनी बडी चौपडीजवळ हवामहाल बांधला. त्याची प्रसिद्ध दर्शनी बाजू बाजाराकडेच तोंड करून आहे. आजचा गुलाबी रंग १८७६ चा. प्रिन्स ऑफ वेल्सच्या भेटीसाठी महाराजा रामसिंहांनी तो दिला. खरे तर तो गुलाबीपेक्षा गेरूला जवळचा आहे. दुकानांपुढचे सलग वरांडे त्याहून अलीकडचे, १९४० च्या दशकात दिवाण मिर्झा इस्माईल यांच्या कारकिर्दीतले. स्वातंत्र्यानंतर दक्षिण तटाला लागून बापू बाजार आणि नेहरू बाजार आले.

मूळ आखणीचा जीव मात्र मोठ्या रस्त्यांमागच्या गल्ल्यांत आहे. एकेका धंद्याला एकेक ‘रास्ता’. गोपालजी का रास्ता इथे जवाहिरांचे दलाल कागदाच्या घडीतले खडे तळहातावर सांडून उजेडात धरतात. त्रिपोलियामागच्या मनिहारों का रास्ता इथे सिगडीवर लाख मऊ होते. कारागीर तिच्यावर रंगीत लाख फिरवतो, लाकडी ठोकळ्याने पाटावर लाटून बारीक कांडी करतो, टोके गरम असतानाच जोडतो आणि साच्यावर चढवून बांगडीचे माप बसवतो. गिऱ्हाईक समोर उभे असताना बांगडी तयार होते.

२०१९ मध्ये तटबंदीतल्या या शहराचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. सप्टेंबर २०२० पासून चांदपोल ते बडी चौपड भुयारी मेट्रो धावते. तिच्या खोदकामात चौपडींवरची जुनी कुंडे उघडी पडली. वरांड्यांत मात्र पुनःपुन्हा माल मांडला जातो, आणि उन्हात पायी चालणाऱ्याला वाहनांच्या गर्दीत उतरावे लागते. हे वरांडे मोकळे ठेवणे ही जयपूरची पहिली गरज आहे. जोहरी बाजारातली बरीच दुकाने रविवारी बंद असतात. खरेदी करायची असेल तर दुसरा वार निवडावा, आणि निव्वळ कमानी, सज्जे व रस्त्यांची सरळ रेषा पाहायची असेल तर रविवारची सकाळच बरी.