नंबर
आमचं गाव कराड आणि वाळवा तालुक्यांच्या शिवेवर. सातारा जिल्हा संपतो तिथं सांगली सुरू. इकडं सगळं नंबरानं चालतं. उसाच्या तोडीचा नंबर, पाटाच्या पाण्याची पाळी, गिरणीपुढं डब्यांची रांग. ज्याचा डबा आधी, त्याचं दळण आधी. त्यात न्याय असतो, म्हणून कुणी कुरकुरत नाही.

दवाखान्यात मात्र हाच न्याय जिवावर येतो.

रात्रीची लाईट होती. तात्या, म्हणजे माझे चुलते, उसाला पाणी पाजत होते. घोणस चावली. 108 ची गाडी तेव्हा नव्हती. जीपवाल्याला उठवून शहर गाठलं, तोवर सूज गुडघ्याकडं चढलेली. खिडकीवर उत्तर मिळालं, “आधी केसपेपर काढा.” पुढं दहा-बारा माणसं. कुणाला ताप, कुणाला खोकला. काकी ओरडली, “अवो, ह्यांचा पाय कसा टरारून फुगलाय बघा की!” तशी आतनं एक सिस्टर आली. पाय बघितला आणि स्ट्रेचर सरळ आत घेतलं. “पेपर मागनं काढा.” रांगेतलं कुणीही काही बोललं नाही.

डॉक्टरांनी रक्त काचेच्या नळीत घेतलं आणि नळी न हलवता वीस मिनिटं ठेवली. मग तिरकी केली. रक्त गोठलंच नव्हतं, पाण्यासारखं वाहिलं. म्हणजे विष अंगात भिनलेलं. लगेच विषावरचं औषध सलाईनमधून सुरू झालं. तात्या वाचले.

तेव्हा कळलं, थांबणं दोन तऱ्हेचं असतं. नळीपुढची वीस मिनिटं हा उपचारच. ती कमी करता येत नाहीत. खिडकीपुढची वीस मिनिटं नुसती वाया, आणि विष तेवढ्यात आपलं काम करतंच. ती कमी करायला नवी इमारत लागत नाही. दारातच एक जाणतं माणूस लागतं. श्वास, नाडी, शुद्ध बघून लाल, पिवळा, हिरवा ठरवणारं. लाल आधी, हिरव्यानं थांबायचं. याला डॉक्टर लोक ट्रायाज म्हणतात.

2014 पासून 108 ची गाडी आहे, तिच्यात डॉक्टर असतो. पण घरातनं फोनच उशिरा गेला, तर गाडी तरी काय करणार?

आणि रांगेत बसलेल्यांनीही एवढं ध्यानात ठेवावं. आपल्या आधी दुसऱ्याचं स्ट्रेचर आत गेलं, तर भांडू नये. आपल्याला थांबवलंय, म्हणजे आपला जीव अजून शाबूत आहे.