नव्व्याण्णव टक्के उष्णता

एक्स-रे काढायला गेलं की टेक्निशियन म्हणतो, "श्वास घ्या... रोखून धरा", आणि आतून कुठूनतरी 'घुंईई' असा आवाज येतो. बऱ्याच जणांना वाटतं, हा किरणांचा आवाज. छे! किरणांना आवाज नसतो. तो आवाज एका फिरणाऱ्या चकतीचा असतो, आणि ही चकती मला जाम आवडते.

एक्स-रे ट्यूब म्हणजे हवा काढून टाकलेली काचेची किंवा धातूची नळी. एका टोकाला कॅथोड, म्हणजे टंगस्टनची बारीक तार, जुन्या पिवळ्या बल्बमध्ये असायची तशीच. ती तापली की तिच्यातून इलेक्ट्रॉन्स सुटतात. समोर अ‍ॅनोड, आणि मध्ये साधारण ६० ते १२० हजार व्होल्ट. ८० हजार व्होल्टला हे इलेक्ट्रॉन्स प्रकाशाच्या जवळपास निम्म्या वेगाने अ‍ॅनोडवरच्या टंगस्टनवर जाऊन आदळतात. काही अणुकेंद्राजवळून जाताना वळतात, त्यांना ब्रेक लागतो, आणि गमावलेली ऊर्जा एक्स-रे होऊन बाहेर पडते. काही जण टंगस्टनच्या आतल्या कक्षेतला इलेक्ट्रॉन उडवून लावतात. ती रिकामी जागा भरताना ठरावीक ऊर्जेचा एक्स-रे निघतो.

ऐकायला झकास. पण एफिशियन्सी किती? जेमतेम एक टक्का! उरलेली ९९ टक्के नुसती उष्णता. असा कोड आमच्याकडे रिव्ह्यूला आला तर तिथेच परत जाईल. पण इथे निसर्गाशी वाद घालता येत नाही. मग उपाय काय? एक, टंगस्टनच वापरायचं, कारण ते ३४२२ अंश सेल्सिअसपर्यंत वितळत नाही. दोन, अ‍ॅनोडची चकती करून ती मिनिटाला हजारो फेऱ्यांनी फिरवायची, म्हणजे मार एकाच जागी बसत नाही. टेक्निशियनचं बटण बहुधा दोन टप्प्यांचं असतं. अर्धं दाबलं की चकती वेग घेते आणि तार पूर्ण तापते, पूर्ण दाबलं की सेकंदाच्या छोट्याशा भागापुरते किरण. तापलेल्या तारेची ही ट्यूब विल्यम कूलिजने १९१३ मध्ये केली. त्याआधी किरणांवर असा नेमका ताबा नव्हता.

हे सगळं मी आईला सांगत बसलो होतो, कारण तिचा खोकला तीन आठवडे थांबत नव्हता आणि ती एक्स-रे काढायला तयार नव्हती.

"अरे, ते रेडिएशन अंगात राहतं म्हणे. त्या खोलीतही असणारच ना?"

"आई, ट्यूबलाईट बंद केल्यावर खोलीत उजेड उरतो का?"

"नाही."

"तसंच. व्होल्टेज गेलं की किरण संपले. भिंतीत नाहीत, तुझ्या अंगातही नाहीत."

तिने थोडा विचार केला. "मग तो माणूस काचेमागे का पळतो?"

प्रश्न एकदम रास्त! तो दिवसभर हेच करतो, म्हणून. थोडं थोडं रोज साठत गेलं की काय होतं, ते क्लॅरेन्स डॅलीच्या बाबतीत दिसलं. एडिसनचा हा सहकारी ट्यूब चालते का ते बघायला स्वतःचे हात किरणांत धरायचा. हात कापावे लागले, आणि १९०४ मध्ये तो कॅन्सरने गेला. राँटजेनने १८९५ मध्ये किरण शोधल्यावर दहा वर्षंही झाली नव्हती.

म्हणजे आईची भीती खुळी नव्हती, फक्त माप चुकत होतं. छातीच्या एका एक्स-रेचा डोस साधारण ०.०२ ते ०.१ मिलिसिव्हर्ट. जमिनीतून, हवेतून, आकाशातून आपल्याला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट असेही मिळतात. म्हणजे हिशोब तीन ते पंधरा दिवसांचा. छातीच्या साध्या सीटी स्कॅनला मात्र अनेक मिलिसिव्हर्ट लागू शकतात. तिथे "खरंच गरज आहे का?" हे डॉक्टरांना बिनधास्त विचारावं.

पण तीन आठवड्यांच्या खोकल्यात टीबी निसटला तर? त्याचं माप कुठल्या मिलिसिव्हर्टात करणार? आईला हाच हिशोब पटला. दुसऱ्या दिवशी ती स्वतःच पर्स घेऊन तयार झाली. फिल्म स्वच्छ आली, खोकला ॲलर्जीचा निघाला.

असो. तुमच्याकडे जुन्या फिल्म असतील तर टाकू नका. पुढच्या वेळी डॉक्टरांना तुलनेला उपयोगी पडतात, आणि कधी कधी तेवढ्यावरच दुसरा एक्स-रे टळतो.